शिळ्या पाण्यातले मासे

शालनताईंचा दिवस शिळं पाणी फेकण्यापासून सुरू व्हायचा. पहाटे उठलं की माठ, कळशी, देवापुढचं तांब्याचं भांडं सगळं रिकामं करायचं, घासून लख्ख करायचं आणि नळाला पाणी आलं की ताजं भरून ठेवायचं. रात्रीच्या पाण्यानं ना देवाला आंघोळ, ना माणसाला चहा. अनंतराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा सोहळा रोज जागेपणी बघत. "अगं, समुद्र तेवढा राहिलाय," ते अंथरुणातूनच म्हणत. "तोही एकदा उपसून ताजा भरून टाक."

त्यांच्या या घरात सुनेनं, अपूर्वानं, माशांची काचेची टाकी आणली होती. लग्नानंतर वर्षाच्या आतच मुलगा, सलिल, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला. अपूर्वा हिंजवडीला नोकरीला. सकाळी सातची बस, परतायला रात्र. सासूशी बोलायला वेळ असा मिळायचाच नाही. पण आल्यावर ती घटकाभर टाकीसमोर बसायची आणि शालनताई वाती वळायला मुद्दाम तिथेच बसायच्या. मग हा गप्पी बघा, ती एंजल बघा, असं करता करता ऑफिसातली गोष्ट निघायची, माहेरची निघायची. शालनताई तिला संध्याकाळच्या कीर्तनातलं आख्यान सांगायच्या, अगदी बुवांसारखे हातवारे करून.

आणि एक दिवस अपूर्वा म्हणाली, "आई, माझी एक मैत्रीण औंधला फ्लॅट घेतेय भाड्यानं. सलिल येईपर्यंत तिच्याबरोबर राहिले तर जाण्यायेण्याची दगदग वाचेल. बंगलोरच्या ट्रेनिंगहून आले की ठरवते."

"तुझी सोय बघ बाई," शालनताई म्हणाल्या. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

बंगलोरला निघताना अपूर्वानं विचारलं, "माशांकडे बघाल ना?"

"बघेन म्हणजे काय! जावयासारखं बघेन."

त्यांच्या मनानं घेतलं, की पोरगी परत येईल तेव्हा टाकी अशी चकचकीत दिसली पाहिजे, की हिला वाटावं, आपल्या वस्तूला या घरात जीव लावतात. मग कशाला जाते औंधला! पदर खोचून त्या कामाला लागल्या. टाकीत कांद्याच्या पातीसारखी लांब पानं, फांद्याफांद्यांची दोन झुडपं, खाली रेती, आणि पाणी कसं, किंचित पिवळसर. 'हे शेवाळ कधीचं साचलंय,' म्हणत त्यांनी मासे पातेल्यात काढले, सगळी हिरवळ उपटून जुन्या पाण्यासकट बादलीत घातली आणि बादली बाल्कनीत नेऊन ठेवली, कुंड्यांना खत होईल म्हणून. रेती तांदळासारखी सात पाण्यांनी धुतली. काच घासली. नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. आणि रोज पहाटे देवांच्या पाण्याबरोबर माशांचंही पाणी बदलू लागल्या. खायलाही सढळ हातानं. कोणी उपाशी असताना त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

दोन-तीन दिवसांतच सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

"नामस्मरण करतायत," अनंतराव म्हणाले.

"अहो, गप्प बसा! श्वास लागलाय त्यांना."

पुढच्या पहाटे एक गप्पी उताणा तरंगत होता. शालनताईंनी हाक मारली. अनंतराव उठून आले, त्यांनी वाकून पाहिलं. "बाजारात तसलाच मिळतो," ते हळूच म्हणाले. "तिला कळायचं नाही."

"मला कळेल ना! तिला फोन लावून द्या."

फोनवर शालनताईंनी काही लपवलं नाही. सांगता सांगताच त्यांना वाटलं, संपलं, गेली ही औंधला.

"आई, झाडं कुठायत?"

"बाल्कनीत. बादलीत."

"पाण्यात? जिवंत आहेत?"

"हिरवीगार आहेत. जुन्याच पाण्यात."

"मग वाचतील," अपूर्वानं श्वास सोडला. "ते शेवाळ नव्हतं हो! माशांची घाण पाण्यात विरघळते ना, ती विषासारखी असते. झाडं ती खाऊन वाढतात. उजेडात प्राणवायूही सोडतात. आणि घाण पचवणारे बारीक जीव त्यांच्या पानांवर, रेतीत राहतात. तुम्ही सगळ्यांनाच आंघोळ घातलीत."

"अगं बाई! आणि ताजं पाणी?"

"त्यात क्लोरीन असतं. बादली भरून एक दिवस उघडी ठेवा, मग थोडंसंच बदला. आणि दोन दिवस त्यांना खायला काही देऊ नका."

"म्हणजे शिळं पाणी आणि उपास," शालनताई म्हणाल्या. उपासाचं त्यांना लगेच पटलं. पाण्याचं पटायला जड गेलं.

झाडं पुन्हा रेतीत रोवली. बादलीतलं जुनं पाणी आणि आदल्या दिवसापासून पिंपात राहिलेलं पाणी टाकीत भरलं. त्या संध्याकाळी वैजनाथबुवांचं कीर्तन होतं, रुक्मिणी स्वयंवराचं आख्यान. अशा आख्यानाला शालनताई पहिल्या ओळीत नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. पण आज त्यांचा पाय निघेना. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या, "आणि नीट ऐकून मला सांगा." अनंतराव गेले आणि आले.

"काय झालं?"

"रुक्मिणीचं लग्न झालं. प्रसादाला केळं होतं."

शालनताईंना त्याही स्थितीत हसू फुटलं. मग त्यांनी स्वतःच, टाकीसमोर बसून, पूर्वरंगापासून आख्यान सुरू केलं. टाळ्या वाजवून नाही, हळू आवाजात, आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी मासे जरासे खाली उतरले. तिसऱ्या दिवशी खिडकीतून ऊन टाकीवर आलं, तर पानापानावर बारीक बारीक बुडबुडे, मोत्याची जाळी लावल्यासारखे, आणि एकेक सुटून वर चाललेला. एंजल पातीच्या आडून डौलात बाहेर आली. शालनताईंचे हात आपसूक जोडले गेले. पाणी पुन्हा पिवळसर दिसू लागलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

अपूर्वा शुक्रवारी दिवेलागणीला आली. बॅग दारातच टाकून टाकीपाशी गेली. शालनताई मागे उभ्या, पदराचं टोक मुठीत. ती वाकून पानं निरखू लागली.

"फांदीवालं काय वाढलंय!" ती म्हणाली. "पाण्याबाहेर आलंय. शेंडे कापून रेतीत खोचले की नवी झाडं होतील. कात्री कुठेय?"

"अगं, दिवेलागण झालीय! या वेळी झाडाला हात लावतात का?"

"पाण्यातल्यासुद्धा?"

"झाड ते झाडच."

अपूर्वा हसली. "बरं, सकाळी कापू. तुम्ही कापा, मी खोचते."

"रुजायला किती दिवस लागतात गं?" शालनताईंनी जपून विचारलं.

"तीन-चार आठवडे. लक्ष ठेवावं लागतं."

"आणि औंध?"

"दगदग कसली! रोज बसमध्ये झोप काढते की मी," अपूर्वा म्हणाली आणि बॅग उचलून आत नेली. "आई, ते रुक्मिणी स्वयंवर राहिलं ना माझं? बाबांनी फोनवर सांगितलं, पण लग्न लगेच लागलं."

"अगं, त्यांचं काय ऐकतेस!" म्हणत शालनताईंनी वातींचं तबक पुढे ओढलं आणि टाकीसमोर तिच्यासाठी जागा केली.