दुकानाची चौथी फळी

मी एक जुनी फळी आहे. सागवानाची, पुरुषभर उंच, हातभर रुंद. मित्रांनो, तुमच्या गावात आता दुकानांना लोखंडी शटर असतं. पण शिरपूरच्या आमच्या किराणा दुकानाला पूर्वी फळ्यांचं दार होतं. उंबऱ्याच्या खाचेत आम्ही एकीला लागून एक उभ्या राहिलो की दुकान बंद. भिवाजी सुतारानं आम्हांला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि प्रत्येकीच्या पाठीवर आकडा कोरला. माझ्या पाठीवर चार आहे. पाचवीच्या जागी चौथी लावली तर दार लागतच नसे, एवढा आमचा मान!

दर दिवाळीला मालकीण अंगुरीबाई आम्हांला अंगणात काढायची. ऊन पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासायची आणि म्हणायची, "लक्ष्मी याच वाटेनं येते वं." त्या दिवसांत मी उजळून निघायची.

मग शटर आलं. माझ्या काही बहिणी गोठ्यात गेल्या, एक न्हाणीत गेली. मी माळ्यावर धूळ खात पडले. माझा जन्म सरला, असंच मला वाटलं होतं.

एके दिवशी अंगुरीबाईची सून त्रिशला माळ्यावर आली. तिला चित्राचा नाद. पण ती रंग लावायची आणि खरवडायची, आणि कागद बिचारा फाटून जायचा. तिनं मला पदरानं पुसलं, अंगावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "ही सोसन."

मला वाटलं, आता माझ्यावर मोर येईल. नाही तर मंदिराचं शिखर, नाही तर कळस. तसलं काहीच आलं नाही. पहिल्या दिवशी ती डोळे मिटून नुसती माझ्यावर तळवा टेकून बसली. मग डिंकात गेरू कालवला आणि माझ्या अंगभर पसरला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या उलथण्यानं अर्धा खरवडून काढला. त्यावर नीळ आली, निळीवर काजळी. कधी कधी तर दुपारभर ती काहीच करायची नाही, फक्त बघत बसायची. मित्रांनो, मी उभी हयात गिऱ्हाइकं पाहिली. वस्तूचा भाव करणारे डोळे मला ठाऊक होते. काही न मागता बघणारे डोळे मी पहिल्यांदा पाहिले.

तिचा नवरा पियूष डोकावून म्हणायचा, "काय काढून राह्यली वं हे?"

"मलेच नाही माहीत अजून."

"मंग पाहाचं कसं? उभं धरू का आडवं?"

"तुमी दुरूनच पाहा. सदऱ्याले रंग लागन."

असे कित्येक महिने गेले. मग त्या चित्राचा फोटो अकोल्याला गेला आणि तिथल्या प्रदर्शनात चित्र निवडलं गेलं. भिंतीवर त्रिशलाचं नाव पहिल्यांदाच लागणार होतं. दिवाळी तोंडावर आली होती. तिनं मला खाली आणलं, भिंतीकडे तोंड करून अंगणात ठेवलं आणि बांधायला पुठ्ठा आणायला ती जवळच्या मालेगावला गेली.

अंगुरीबाईचे गुडघे दुखरे. ती माळ्यावर कधी चढलीच नव्हती. तिला दिसला तो माझ्या पाठीवरचा आकडा.

"अवं माय! माही चौथी फळी!" तिनं मला वळवलं. "कोनं सांडले वं इतके रंग हिच्यावर? थांब, सुनेले चित्रासाठी साफ करून देतो."

ऊन पाणी आलं, सोडा आला, तारेची घासणी आली. अंगुरीबाई गात होती:

घासू घासू फळी, फळी झाली गोरी
दिवाळी पाव्हणी, आली माह्या दारी

मला जीभ असती तर मी ओरडले असते.

त्रिशला परतली तेव्हा अर्धं चित्र मोरीला लागलं होतं. तिच्या हातातला पुठ्ठा गळून पडला. "आई, ते चित्र होतं."

"हे?" अंगुरीबाईची घासणी थांबली. "अकोल्याचं?"

त्रिशलानं मान डोलावली. सासू ओल्या हातांनीच खाली बसली.

पियूष धावत आला. "फोटो हाय ना मोबाइलमदी? पाहून पाहून काढ परत."

तिनं करून पाहिलं. मोबाइल समोर टेकवला, गेरू कालवला. पण तिचा हात मी महिनोन् महिने अंगावर झेललेला. त्या दिवशी तो तिचा वाटेना. थोड्या वेळानं तिनं लावलेलं सगळं पुसून टाकलं. "नाही होत. तवा मी शोधून राह्यली होती. आता नुसती नक्कल करून राह्यली."

मग ती माझ्या धुतलेल्या अंगाकडे बघत राहिली. खूप वेळ. मीही तिच्या डोळ्यांतून स्वतःला पाहिलं. गेरू माझ्या रेषारेषांत मुरला होता. नीळ ओघळून बारीक झऱ्यांसारखी उतरली होती. रानात उभी असताना मी जे जे पावसाळे प्याले, ते लाकडातून वर आले होते. एवढं माझ्या आत होतं?

"आई, घासणी घ्या. इथून खाली घासा."

"येडी झाली काय वं? राह्यलेलं बी घालवू?"

"तुमचा हात जसा फिरते, तसा फिरू द्या."

अंगुरीबाईचा हात फिरला. त्या ओल्या वाटेमागून त्रिशलाची काजळी चालत गेली. देवळात असतो तसा अंगणात शांतपणा होता.

त्रिशलानं अकोल्याला फोन केला, ते चित्र आता राहिलं नाही म्हणून सांगितलं. तिची जागा दुसऱ्याला गेली. ती रडली, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण सकाळी रंगाच्या वाट्या घेऊन ती पुन्हा माझ्यासमोर होती.

आता अंगुरीबाई रोज चहाची कपबशी घेऊन माझ्यासमोर पाटावर बसते. 'हे काय आहे' असं ती विचारत नाही. विचारते, "झालं का वं?"

त्रिशला चार पावलं मागं सरते, मान कलती करते. "अजून नाही, आई."

मित्रांनो, कुणाच्या हातचं काही तुम्हांला नुसता डाग वाटलं, तर घासायच्या आधी एकदा विचारा. आणि शिरपूरला आलात तर आमच्या अंगणात जरूर या. फक्त माझ्या जवळून जाताना अंग जरा चोरून जा. मी अजून ओली आहे.