अर्ध्या गाण्याची कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. गाणी भरूनच दुकानात येतात त्या माझ्या श्रीमंत बहिणी वेगळ्या. मी कोरी आले आणि गर्दीत बसून भरले गेले. माझ्यात गाण्यांबरोबर खोकले आहेत, खुर्च्यांची करकर आहे, आणि "अहो, जरा खाली बसा की!" असं ओरडणारी एक बाईसुद्धा आहे. बिचारीला काही दिसत नव्हतं.

माझा मालक शिंपी. दिवसभर लोकांचे कोट शिवायचा आणि शहरात रॉकचा कार्यक्रम असला की संध्याकाळी स्वतःचा कोट चढवून निघायचा. तो कोट बघण्यासारखा होता. अस्तराच्या आत रेकॉर्डरचा खिसा, कॉलरच्या दोन्ही टोकांखाली एकेक बारीक माइक, आणि त्यांच्यावर मलमलीचा एकच पदर. जाड कापड घातलं तर ड्रमवाल्याच्या झांजा दबतात, असं त्याचं म्हणणं. आत रेकॉर्डिंगला मनाई, म्हणून दारावरचा माणूस त्याचे सगळे खिसे चाचपायचा, पण तो एक खिसा कधी त्याच्या हाताला लागला नाही.

हा उपद्व्याप कशासाठी, असं त्याच्या बायकोनेही विचारून पाहिलं होतं. त्याच्या लाडक्या बँडमध्ये चौघं होते आणि ते कुठलंही गाणं दोनदा सारखं वाजवत नसत. आज लांबवतील, उद्या मध्येच तोडतील. कंपनीच्या रेकॉर्डवर एकच रूप यायचं, बाकीचं हवेत जायचं. ते हवेत जाऊ नये म्हणून याची धडपड. कुणी कोरी कॅसेट आणून दिली की आनंदाने तिच्यावर उतरवून द्यायचा. अशा माझ्या बहिणींच्या लेकी आणि नाती कुठेकुठे नांदताहेत. नातींच्या अंगात खरखर जरा जास्त, पण गुणी आहेत.

त्याचा एक नियम होता. माइक बाळगणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, गुणगुणायचं नाही, शिंकसुद्धा आवरायची, कारण माइकला सगळ्यात जवळचा त्याचाच आवाज. म्हणजे गंमत बघा, अख्ख्या सभागृहात त्या चौघांवर सर्वांत जास्त जीव असलेला माणूस मख्ख चेहऱ्याने बसून असायचा. आजूबाजूच्यांना वाटायचं, याला जबरदस्तीने आणलाय की काय! बुटाच्या आत अंगठा तेवढा नाचायचा. मला त्याची कीव यायची आणि हसूही यायचं.

याच नियमापायी घरात ठिणगी पडली. शिंप्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चष्म्याचं दुकान चालवायचा. त्यालाही हेच वेड. दोघं जोडीने जायचे, शेजारी बसायचे, आपापल्या कोटात आपापला रेकॉर्डर. एकदा एक हळुवार गाणं रंगात आलं असताना चष्मेवाल्याला राहवलं नाही. त्याने तोंडात दोन बोटं घातली आणि अशी शिट्टी मारली की शिंप्याची कॅसेट कामातून गेली. ती माझ्याच खणात आहे, अजून कुरकुरते.

शिंप्याने तेव्हा गप्प बसावं की नाही? तर त्याने सासुरवाडीत, सगळ्यांच्या देखत साडूला सुनावलं, "तुम्हाला गाणं ऐकायची अक्कल नाही. घरी रेडिओ लावून बसत जा." झालं, बोलणं बंद. बहिणी बहिणी एकमेकींकडे जात, पण नवरे एकमेकांचं नाव काढेनात. पुढच्या कार्यक्रमापासून एक सभागृहाच्या डाव्या टोकाला बसू लागला आणि दुसरा उजव्या.

मी भरले ती संध्याकाळ त्या चौघांची शेवटची ठरणार होती, पण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटाकडे त्यांनी एक नवंच गाणं काढलं. दबकत सुरू झालं, मग चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं. माझी पहिली बाजू संपतच आली होती. गाणं झालं असं समजून शिंप्याने बटण दाबलं आणि मला उलटवायला बाहेर काढलं. त्याने मला मुठीत इतकं गच्च आवळलं होतं की मला काही ऐकू येईना. मग त्याचा हात जोरात वर गेला आणि मी निसटून खुर्च्यांखाली घरंगळले. कुणाकुणाचे बूट अंगावर घेतले ते माझं मला माहीत. शिंपी गुडघ्यांवर बसून चाचपडत होता. मी सापडले, परत आत गेले, तेव्हा कानावर आला तो नुसता टाळ्यांचा कडकडाट. गाणं संपलंच नव्हतं. चौघांनी फक्त दम घेतला होता आणि उरलेलं अर्धं मी खुर्चीखाली असताना वाजवून टाकलं होतं.

"कुणाचा तरी धक्का लागला," एवढंच त्याने घरी सांगितलं.

पुढे त्या चौघांचं बिनसलं आणि ते चार दिशांना गेले. ते गाणं पुन्हा कधीच वाजलं नाही, कुठल्या रेकॉर्डवरही आलं नाही. शिंपी मला लावायचा, मधली शांतता आली की बंद करायचा आणि मशीनवर जाऊन बसायचा. वर्षं गेली. मग त्याला दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातील, बाकीचे हळूहळू.

"ते गाणं एकदा पुरतं ऐकायला मिळालं असतं ना," तो बायकोला म्हणाला.

"मग जा की! माझ्या बहिणीच्या घरी असेल, चंद्रावर नाही. जा आणि मागा."

"मी? त्याच्याकडे?"

"नाहीतर बसा अर्धंच ऐकत. कान काय तुमच्यासाठी थांबणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी शिंपी मला खिशात घालून चष्म्याच्या दुकानात गेला. सरळ मागेल तर तो शिंपी कसला! म्हणाला, "सुईत दोरा ओवता येत नाही. डोळे तपासायचेत."

चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड चौकट ठेवली आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. "ही ओळ वाचा." शिंप्याने वाचली. "आता खालची."

"ते शेवटचं गाणं तुमच्याकडे पुरतं आहे?"

"मी ओळ विचारली, साडूभाऊ."

इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकला आणि शिंपी खालची ओळ वाचायचीच विसरला. चष्मेवाल्याने काच बदलल्यासारखं केलं. मग म्हणाला, "माझ्याकडे सुरुवात नाही. माझी कॅसेट तेव्हाच उलटायला आली होती. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे सुरुवातच आहे."

दोघंही हसले नाहीत, पण चष्मेवाल्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. मागच्या खोलीत दोन कॅसेटींचं मशीन होतं. एका खणात एक कोरी पोर घातली, दुसऱ्यात मला. बटणावर बोट ठेवून तो म्हणाला, "एक अट आहे. मध्येच उठून जायचं नाही."

मी माझं अर्धं गाणं, ते थांबतं तिथपर्यंत म्हटलं आणि बाहेर आले. माझ्या जागी त्याची कॅसेट गेली. सुरुवातीला नुसती शांतता. आणि त्या शांततेत, सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, एक आवाज फुटला: "व्वा रे माझ्या पठ्ठ्यांनो! व्वा!" मग लोकांचं हसणं, आणि त्या हसण्यावरच उरलेलं गाणं सुरू झालं.

तो माझा मालक होता! रेकॉर्डर बंद आहे, आता कोण ऐकतंय, म्हणून बापड्याने जन्माची कसर भरून काढली होती. हात वर गेला तो धक्क्याने नव्हे. माझ्या अंगावरच्या बुटांचा हिशेब मला त्या दिवशी लागला.

शिंप्याचा चेहरा पडला. त्याने मशीन थांबवलं. "म्हणजे तुमच्या कॅसेटवर मी... आणि तुम्हाला त्या शिट्टीवरून मी सगळ्यांसमोर..."

"कितीदा ठरवलं होतं," चष्मेवाला म्हणाला, "ही घेऊन तुमच्या दारात यायचं आणि तोंडावर ऐकवायची. आधी रागाने ऐकायचो. मग ऐकून ऐकून राग राहीना. साडूभाऊ, तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलंच नव्हतं हो. ते घेऊन भांडायला कसा येणार?" मग म्हणाला, "नको असेल तर काढून टाकू. तिथे गाणं नाहीच, नुसती शांतता आहे. सहज निघेल."

शिंप्याचा सगळा जन्म कापण्यात गेला, पण इथे कात्री चालवायला त्याचं मन होईना. "पुन्हा लावा," तो म्हणाला. पुन्हा ऐकलं. मग हळूच म्हणाला, "माफ करा मला. आणि राहू द्या ते."

मग उरलेलं गाणं त्याने स्पीकरला कान लावून ऐकलं. मध्येच साडूचा हात धरून विचारलं, "इथे झांजा आहेत का?"

"आहेत. जोरात वाजताहेत."

"असू दे, असू दे," म्हणत तो डोळे पुसत राहिला.

आता मी आणि चष्मेवाल्याची कॅसेट एकाच डब्यात राहतो. आमची दोघींची ती जोडलेली लेक मात्र खूप फिरते. मागे कुणीतरी विचारलं होतं, "गाणं छान आहे, पण मध्येच बोंबलणारं हे गाढव कोण?" शिंप्याने छाती काढून सांगितलं, "मी!" त्याला आता फारसं ऐकू येत नाही. पण दोघं साडू अजून बसतात. चष्मेवाला ऐकतो आणि कुठे काय वाजतंय ते शिंप्याला मोठ्याने सांगतो. मी म्हातारी झाले, पण सुखात आहे.

तुमच्या हाती आमच्या लेकीची एखादी नक्कल आलीच, तर माझं एवढं ऐका. गाणं थांबेल, शांतता येईल आणि एक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडेल. तेव्हा आवाज कमी करू नका. एरवी तो कायम गप्प बसत आलाय. त्याला ओरडू द्या.