वाणातलं पिल्लू

बकुळाने कॅक्टस कापला. वरून हिरवागार, पण आत तपकिरी लगदा. सुरी पुसून तिने वर कापलं. तिथेही तेच. अगदी शेंड्याजवळ कापलं, तर तिथेही मधोमध ठिपका होताच.

देवाच्या अंघोळीचं पाणी मोरीत कसं ओतायचं, म्हणून ती रोज ते भक्तिभावाने याच कुंडीत घालत आली होती. कॅक्टसला रोजचं पाणी सोसत नाही, हे भोईवाड्याच्या देवळात कीर्तनाला बसून कुठलं कळायला? संक्रांतीला तेच ते प्लास्टिकचे डबे काय लुटायचे, म्हणून याचीच पिल्लं तिने चाळभर वाण म्हणून दिली, आणि वर प्रत्येकीला बजावलं, "देवाचं पाणी घाला हं रोज!"

बाकीच्यांचं सोडा. पण एक पिल्लू शेजारच्या कालिंदीच्या सुनेकडे, प्रितीकडे होतं. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. आता सातवा लागला होता. "काकू, हे जगलं की माझंही जगेल," म्हणत तिने ते खिडकीत, उशाशी ठेवलं होतं. तिच्यासमोर ते कोसळायच्या आत तिथून हलवायला हवं होतं.

बकुळा तशीच शेजारी गेली.

"कालिंदी, कुंडी दोन दिवस दे. माती बदलून आणते."

"वाण परत मागतेस? लाज कशी नाही गो वाटत!" कालिंदी हसली. "पुढच्या संक्रांतीला हेच फिरवणार की काय?"

तेवढ्यात प्रिती देवाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कुंडीवर वाकली.

"नको, घालू नकोस!" बकुळा ओरडलीच. तिने झपकन कुंडी उचलली. हिसका तो केवढासा. पण पिल्लू बुडातून सुटलं आणि आवाज न करता आडवं झालं. आंबूस वास सुटला.

कालिंदीचं हसू मावळलं. "तुला माहीत होतं."

"अगं, पाण्याने कुजलंय. चूक माझी. त्याचा हिच्याशी काय संबंध?"

प्रितीने तांब्या खाली ठेवला. हात पोटावर नेला.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाळ सकाळपासून हललेलं नाही. मला वाटलं, झोपलं असेल."

बकुळाने प्रितीच्या पायाशी चपला सरकवल्या. "चल, दवाखान्यात. कालिंदी, टॅक्सी बघ. आत्ता!"

कालिंदी जागची हलली नाही. बकुळाच्या बोटांवरून तपकिरी पाणी ओघळत होतं, तिकडे ती बघत होती.

"तिला हात लावू नकोस," ती म्हणाली.