व्याह्यांचा पारदर्शक अहवाल

कळंबच्या एका नागरी बँकेचे चेअरमन गौरीशंकर आणि त्या बँकेचं ऑडिट करणाऱ्या फर्मचे थोरले पार्टनर मल्लिकार्जुन सर यंदा व्याही झाले. मांडवात दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की फोटोवाला ताटकळत उभा राहिला. आता तुम्हीच सांगा, हा माणूस त्या माणसाची बँक काय कपाळ तपासणार?

तरी तपासली म्हणे. धाकटी पार्टनर शिवलीला हिनं मोठ्या कर्जांच्या फायली मागितल्या की सर म्हणायचे, ‘अगं, त्या मी बघतो.’ मग व्याह्यांकडं जेवून, ढेकर देत परत यायचे. फायली होत्या तिथंच. शेवटी सगळं ठीक असल्याची सही ठोकून सर मोकळे झाले. शिवलीलाला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

त्यातच नवा नियम आला. लोकांच्या ठेवींवर चालणाऱ्या संस्था तपासणाऱ्या फर्मनं दरवर्षी स्वतःबद्दलही अहवाल द्यायचा: फर्म कुणाची, ती स्वतंत्र आहे का, कुठं नातंगोतं आहे का. तो सगळ्यांना दिसेल असा वेबसाइटवर टाकायचा. लिहायचं काम शिवलीलाकडं आलं. तिची आई शांताक्का हिची जन्माची शिल्लक त्याच बँकेत होती. शिवलीलाला वाटलं, खरं लिहिलं तर लोक सभेत उठतील, दुसरा ऑडिटर आणा म्हणतील आणि त्या फायली एकदाच्या उघडतील.

तिनं सरळ लिहिलं, ‘बँकेचे चेअरमन आमच्या थोरल्या पार्टनरचे व्याही आहेत.’ सर फर्ममधून हाकलतील, याची तिनं तयारी ठेवली होती. सरांनी वाचलं आणि मान डोलावली.

‘झकास. आपण लिहून मोकळे झालो. आता कुणाची बोट दाखवायची टाप न्हाय.’

ती मनात म्हणाली, निर्लज्ज कुठले!

बँकेच्या वार्षिक सभेत तर कहरच झाला. गौरीशंकरांनी ते वाक्य स्वतःच माइकवर वाचून दाखवलं. ‘आमच्यात लपवाछपवी न्हाय. बघा, जगजाहीर केलंय.’ सभा भरली होती ते मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. शिवलीलाच्या शेजारी बसलेले ठेवीदार माणिकप्पा कौतुकानं म्हणाले, ‘घरचाच माणूस तपासतोय. मग कशाचा घोर?’

लोकांनी पेटून उठावं म्हणून तिनं जे लिहिलं, त्यावर लोक खूश होते. शिवलीलाचं डोकं सणकलं. ती तरातरा गेली आणि माइक ओढून घेतला.

‘मोठ्या कर्जाच्या फायली सरांनी उघडल्याच नाहीत. मला बघू दिल्या नाहीत. बँक ठीक आहे असं आम्ही म्हणतो ते खोटं आहे.’

मल्लिकार्जुन सर खाली बघत राहिले. गौरीशंकर मात्र हसले.

‘पोरगी हुशार हाय. हेबी टाका म्हणावं पुढच्या अहवालात. चला, पंगत बसू द्या.’

आणि लोक उठले. कुणी एका शब्दानं काही विचारलं नाही. जो तो पत्रावळीची जागा धरायला धावला. शिवलीलाला त्या साऱ्यांचीच किळस आली.

शांताक्का लगबगीनं आली आणि तिनं लेकीचा दंड धरला. ‘चारचौघांत असं बोलतात व्हय? चेअरमनसाहेबांच्या पुतण्यासाठी तुझ्या लग्नाची गोष्ट घातलीय म्या. आता ते काय म्हणतील?’

‘आई, उद्याच्या उद्या तुझी ठेव काढून घे.’

‘येडी का काय तू,’ शांताक्का म्हणाली, ‘सोयरीक व्हायच्या येळेला ठेव काढतंय का कुणी?’ आणि पदर सावरत ती पंगतीला गेली.