दर्शनाला कोण ठेवणार

चारकोपच्या सेक्टरमधली समाजमंदिराची मागची खोली चार आया मिळून चालवायच्या. त्यांची मुलं मोठी झाली होती, पण एकट्याने जगण्याजोगी नव्हती. शाळेने अठरा वर्षं झाल्यावर हात वर केले, म्हणून बायकांनी ही खोली मिळवली. मुलं सकाळी यायची, वाती वळायची, दुपारी एकत्र डबे खायची. आयांनी एकमेकींना शब्द दिला होता, आपल्यातली जी आधी जाईल तिचं मूल उरलेल्यांनी सांभाळायचं.

आधी वनमाला गेली. भाजी निवडताना कोसळली, ती उठलीच नाही. मागे राहिली दर्शना, तिशीची, पण समज चार वर्षांच्या पोरीची.

मालनचं डायलिसिस चालू होतं. चौथीच्या घरी सुनेने आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. राहिली उत्तरा. ती विधवा, घरात फक्त मुलगा लवू. दर्शनाचा मामा दशरथ घाटकोपरहून आला होता. तो काही बोलायच्या आत उत्तरा म्हणाली, "माझ्याकडे राहील ती."

दर्शना उत्तराचा पदर मुठीत धरून झोपायची. लवूला मात्र ते सोसेना. अंगापिंडाने दांडगा, बोलणं नाही. त्याला आपली जागा, आपलं ताट रोजच्यासारखंच लागायचं. घरात नवं माणूस आलं तसा तो भिंतीवर डोकं आपटू लागला. उत्तरा मध्ये उशी धरायची आणि समाजमंदिराच्या खोलीत कुणाला कळू द्यायची नाही.

एका संध्याकाळी दर्शना त्याच्या जागेवर बसली. त्याने तिला ढकललं, ती ओट्यावर आदळली. मनगट मोडलं, भुवईवर टाके पडले. घरी आल्यावर तीच प्लास्टरचा हात लवूच्या पाठीवरून फिरवत बसली. तो शांत होता. उत्तराला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत म्हणाली, "माझ्याच्याने नाही होणार गं."

"मग आपण शब्द दिला होता त्याचं काय?" मालनने विचारलं.

"तू नेतेस? ने ना मग."

मालनने मान खाली घातली.

दशरथने बदलापूरच्या पुढे एक संस्था शोधली. सोडायला उत्तराही गेली. गाडीत दर्शना खुशीत होती, सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यांना हात करत होती. मोठ्या हॉलमध्ये ओळीने खाटा होत्या, फिनेलचा वास होता. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण हिच्या?"

उत्तराला पटकन सुचेना. "शेजारीण," ती म्हणाली.

दिवाळीनंतर लवूला मालनकडे बसवून ती भेटायला गेली. दर्शनाचे केस बारीक कापले होते, हातपाय वाळले होते. तिने उत्तराला ओळखलं की नाही, कळेना. पुढे केलेला लाडू तिने घेतला, भिंतीकडे तोंड करून खाल्ला. उत्तराने तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा ती दचकून आक्रसली.

बाहेर पडताना उत्तरा त्या बाईंच्या टेबलापाशी थांबली. सकाळपासून तिला धाप लागत होती, दोन जिने चढताना ती दोनदा बसली होती.

"पुरुषांना ठेवता का हो इथे?"

"सध्या जागा नाही. नाव देऊन ठेवता का?"

उत्तराने पदराने तोंड पुसलं आणि लवूचं पूर्ण नाव सांगितलं.