पळापळीतला कोट

त्या दुपारी सगळा बाजार पळत सुटला होता. कुठे, कशासाठी, देव जाणे. दुकानं सताड उघडी, चुलीवर दूध उतू जातंय आणि माणसं झोपेत असल्यासारखी धावताहेत. संध्याकाळी भानावर येऊन जो तो दुसऱ्याला विचारत होता, तू का पळालास? तेवढ्यात कापडाचा व्यापारी आपल्याच पायरीवर पालथा सापडला, पाठीत भोसकलेला. मारेकरी काही मिळाला नाही. पण सकाळीच त्याची शेजारच्या शिंप्याशी बाचाबाची झाली होती, आणि लोकांना तेवढं पुरे होतं. पुराव्याअभावी शिंपी सुटला, तरी घराला 'कात्रीवाले' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

रफूवाली त्या शिंप्याची नात, लेकीची लेक. आजोबांवरचा डाग पुसायचा, हा एकच ध्यास तिने जन्मभर घेतला होता. म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी व्यापाऱ्याच्या अंगावरचा तो भोसकलेला कोट तिच्याकडे आणून दिला तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. घाव कात्रीचा की सुऱ्याचा हे भोकाच्या कडा सांगतील, उद्या तपासनीस येतील, तोवर नुसती कसर झटकून ठेवा, असं साहेब बजावून गेले.

खिडकीतलं ऊन कोटावर उतरलं होतं. कसर झटकता झटकता ती त्या जुन्या दुपारी जाऊन पोचली. रस्ताभर पावलं वाजत होती, करपल्या दुधाचा वास येत होता आणि गर्दीत पाठमोरे आजोबा धावत होते. ती हाका मारत मागे गेली, पण ते काही वळेनात. भानावर आली तेव्हा हातात सुई होती आणि भोक बुजलं होतं. सवयीच्या हातांनी घात केला होता, तोही इतका सफाईदार की भोकाच्या कडा तिच्या तिलाच सापडेनात.

ती ढसाढसा रडली. आई चाचपडत आली. तिला आता दिसत नव्हतं. तिने कोट मांडीवर घेतला आणि त्याच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवली.

"छान बुजवलंस गं."

"आई, आजोबा निर्दोष होते हे आता कसं दाखवू?"

आई कोट कुरवाळत राहिली.

"त्या संध्याकाळी कात्री मीच धुतली होती, बाळा. एवढीशी होते. बाबा म्हणाले, गंज लागेल, धू."

दोऱ्याचं टोक अजून लोंबत होतं. रफूवालीने आजोबांची कात्री उचलली, परत खाली ठेवली आणि दोरा दातांनी तोडला.