हवेत थांबलेला बगळा

म्हसोबाच्या माळावर त्या रविवारी कुस्त्यांच्या मैदानाला लोटावी तशी गर्दी लोटली होती. सगळ्यांच्या माना वर. वर निळंभोर आभाळ, आणि आभाळात काहीही नाही. त्या काहीही नसलेल्याकडे लोक मोठ्या भक्तिभावानं बघत होते, कारण तरंगनाथ महाराजांनी तसं सांगितलं होतं.

"गेला! डोंगराच्या पल्याड गेला!" महाराज गरजले. "आता रिमोट बंद कर रे!"

शिष्यानं रिमोट बंद केला आणि चारही बाजूंना फिरवून दाखवला.

"आता सांगा, आमच्या ह्या ड्रोनला कोण माघारी बोलावणार? कंपनी? ब्याटरी? अरे, पोटचं पोरगं हाक मारून येत न्हाय, हे तर प्लास्टिकचं पाखरू! पण आमच्या नादाची लहर सुटली, की त्याच्या बापाला यावं लागतंय!"

महाराजांनी शंख फुंकला, डोळे मिटले, पुन्हा फुंकला. थोड्या वेळानं डोंगराच्या कडेला माशीएवढा ठिपका दिसला आणि बघता बघता ड्रोन येऊन महाराजांच्या पुढ्यातल्या भगव्या कापडावर अलगद बसला. माळावर एकच कल्लोळ उडाला. कुणी नारळ फोडला, कुणी लोटांगण घातलं. धोंडुबाईंनी तर ड्रोनवरून कडाकडा बोटं मोडली आणि हळदकुंकू लावायला हात पुढं केला. तेव्हा शिष्यानंच घाबरून त्यांना मागं ओढलं, कारण पंखे अजून फिरत होते.

गर्दीच्या मागं हाताची घडी घालून शिवलीला उभी होती. गारगोटीच्या एका कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. सगळं गाव आभाळाकडे बघत असताना तिचं लक्ष त्या भगव्या कापडाकडे होतं. ड्रोन उडाला होता तोही त्याच कापडावरून. भरल्या माळावर शंख वाजत असताना फिजिक्स कोण ऐकणार?

तरंगनाथ महाराज दोन-चार वर्षांपूर्वी कुठल्याशा बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करायचे, असं लोक सांगत. आधी दाढी आली, मग साक्षात्कार झाला. इतर महाराज भूत काढतात, हे टीव्हीतल्या मुंग्या काढायचे. सध्या त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. कुणाच्याही ड्रोनच्या रिमोटची ट्रान्समिशन पॉवर, म्हणजे लहरी लांब फेकायची ताकद, ते चौपट करून देत, तीसुद्धा स्क्रू न उघडता. लाल कापडाच्या पिशवीत तांब्याची एक पट्टी घालून ती पिशवी रिमोटला बांधायची. पट्टीचं नाव तरंगयंत्र.

आज हे यंत्र शिवलीलाच्या धाकट्या भावाच्या, प्रभुलिंगच्या रिमोटला बांधलं गेलं होतं. लग्नाच्या शूटिंगसाठी त्यानं ड्रोन घेतला होता. पण यंदाच्या हंगामात त्या ड्रोनवर गावाचा जीव टांगलेला होता, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. राधानगरीच्या जंगलातला एक एकांडा गवा उसात उतरायला लागला होता. उसात शिरलेला गवा अगदी अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. मागच्या साली त्यानं चिमणाबाईच्या नवऱ्याला उडवलं. माणूस वाचला, पण अजून काठीशिवाय चालत नाही. घर चालवायला चिमणाबाई स्वतः कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीत जाऊ लागली. म्हणून गावानं ठरवलं, की टोळी उसात शिरायच्या आधी प्रभुलिंगनं वरून बघायचं.

अडचण होती गणपतरावांच्या ओढ्याकाठच्या तुकड्याची. तिथवर ड्रोन पोचायच्या आतच रिमोटचा पडदा गचके खायचा आणि चित्र तुटायचं. बिद्रीच्या साखर कारखान्याची ऊसतोड तर दारात आलेली. मग गणपतरावांनी महाराजांना गाठलं.

रात्री जेवताना शिवलीलानं विषय काढला.

"प्रभू, यंत्र बांधायच्या आधी तुला कुठं उभं केलतं?"

"मांडवात. पत्र्याखाली."

"शेजारी कर्णे, आणि भोवतीनं मोबाइल धरलेली माणसं. ड्रोन चिंचेपतोर गेला आणि चित्र तुटलं. आणि यंत्र बांधल्यावर?"

"म्हसोबाच्या चौथऱ्यावर, उंच उघड्यावर. ते विधीचं असतंय अक्का. अनवाणी जायचं, मोबाइल टोपलीत ठेवायचे, रिमोटच्या अँटेनाची शिंगं देवाला जोडल्यागत सरळ उभी करायची."

"मग रेंज तांब्यानं वाढली का चौथऱ्यानं?"

प्रभुलिंगनं भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "आणि रिमोट बंद असताना माघारी आला ते?"

"रिमोटचा संबंध तुटला, की जिथनं उडाला तिथं परत यायचं, हे त्याच्यात आधीच घातलेलं असतंय. तुझ्या ड्रोनातबी हाय की."

"ते मला म्हाईत हाय," प्रभुलिंग चाचरला. "माझा तसा येतोय. महाराजांचा शंखानं येतोय."

शिवलीलानं कपाळाला हात लावला. भाऊ मूर्ख नव्हता. त्याला फक्त दोन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत होत्या, आणि त्या एकमेकींना भेटू नयेत याची तो काळजी घेत होता. आपल्यातले पुष्कळ लोक जन्मभर हेच करतात.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजातून रजा घेतली आणि रानात गेली. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, मधून गाडीवाट. टोळी कमरा कसून तयार. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून महाराज बसलेले, शेजारी शिष्य आणि शंख.

"प्रभू, त्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढून उडीव," शिवलीला म्हणाली.

"काही गरज न्हाय!" ट्रॉलीतून आवाज आला. "तरंगयंत्र लावल्यावर पाताळातनंबी उडंल. आणि टूं टूं वाजलं तर आवाज बंद करायचा. ती यंत्राची कुरकुर असती. लाल अक्षरं आली तर बघायची न्हाईत, दृष्ट लागती."

प्रभुलिंगनं वाटेतूनच ड्रोन उडवला. गणपतराव त्याच्या खांद्यावरून पडद्यात बघू लागले. हिरवागार ऊस सरकत गेला, ओढ्याकाठच्या तुकड्याची कड आली. कुठं काही नाही.

"मोकळं हाय!" गणपतराव ओरडले. "महाराज, पोचला की ओढ्यापतोर! चला बायांनो, लागा!"

चिमणाबाईनं पदर खोचला आणि कोयता उचलून ती वाट धरून पुढं निघाली. तिच्यामागं टोळी. शिवलीलानं जाता जाता पडद्यावर नजर टाकली. हिरवा ऊस, आणि त्याच्यावर पंख पसरलेला एक पांढरा बगळा. छान चित्र होतं. ती वळली, आणि तिच्या गालावर उसाचं एक पान सपकन बसलं. वारा सुटला होता. सगळा ऊस सळसळत होता.

ती पुन्हा वळली. पडद्यावरचं एकही पान हलत नव्हतं.

"प्रभू, हा बगळा काय करायलाय?"

"उडायलाय की."

"मग पुढं का जाईना?"

प्रभुलिंगनं पडद्याकडे बघितलं. बगळा जिथल्या तिथं होता. पंख पसरून, खाली न पडता, पुढं न जाता. कोपऱ्यात 'संबंध तुटला' अशा अर्थाची लाल अक्षरं होती, ती प्रभुलिंगनं आज्ञेप्रमाणे बघितली नव्हती. चित्र केव्हाच गोठलं होतं. ओढ्याकाठच्या तुकड्यात आत्ता काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि चिमणाबाई तिकडेच चालली होती.

"मावशी! थांबा! पाय मागं घ्या!"

चिमणाबाई थबकली. टोळी थबकली. महाराज मात्र थांबणारे नव्हते.

"घाबरू नका! आमच्या यंत्राच्या लहरीनं बगळ्याची समाधी लागलीय!"

तेवढ्यात डोक्यावर घोंघों झाली. संबंध तुटलेला ड्रोन आपल्या आपण माघारी येत होता. महाराजांनी घाईघाईनं शंख उचलला, पण फुंकायच्या आधीच ड्रोन वाटेवर येऊन बसलाही होता. काही जणांनी सवयीनं हात जोडले.

शिवलीलानं वाद घातला नाही. प्रभुलिंगच्या हातातला रिमोट घेऊन लाल पिशवीची गाठ सोडली, पट्टी काढून माघारी आलेल्या चिमणाबाईच्या मुठीत दिली आणि रिकामी पिशवी होती तशी बांधून टाकली. ट्रॉलीतून हे काही दिसलं नाही. मग ड्रोन घेऊन दोघं बहीणभाऊ मोटारीच्या खोलीच्या शिडीवरून स्लॅबवर चढले.

तिथून उसाची टोकं पायाखाली आली आणि ओढ्यापर्यंतचं रान तळहातासारखं दिसू लागलं. ड्रोन उडाला. पडद्यावर ऊस वाऱ्यानं डुलत होता. बगळे आले आणि खरोखरच उडून गेले. ओढ्याकाठचा तुकडा आला, आणि त्याच्या ऐन मध्यावर उसाचा एक पट्टा आडवा झालेला दिसला. त्यात काळीभोर, खाटेएवढी रुंद पाठ होती. गवा मान खाली घालून निवांत ऊस खात होता.

"हाय," प्रभुलिंग म्हणाला. त्यानं पडदा बहिणीकडं वळवला. "अक्का, हाय तिथं."

"कुठं हाय?" गणपतराव खालून ओरडले.

"तुमी बायांना पाठवलेलं, तिथंच!"

बाया भराभर माघारी सरल्या. गणपतराव हातवारे करून त्यांना आणखी मागं सारू लागले.

"पाहिलंत?" महाराज ट्रॉलीत उभे राहून म्हणाले. "यंत्र जागं झालं! आधी ते ध्यानात होतं. आता त्यानं गवा दाखवला, तुमचे प्राण वाचवले!"

"महाराज," चिमणाबाई म्हणाली आणि तिनं मूठ उघडली, "तुमचं यंत्र माझ्या हातात हाय की!"

महाराजांनी पट्टीकडे बघितलं, मग स्लॅबकडे, मग पुन्हा पट्टीकडे. "ते... ते हातातनंबी काम करतंय. स्त्रीशक्ती!"

"व्हय? मग तुमी हे घ्या आणि जावा की त्या तुकड्यात. माझ्या मालकाचा पाय बघून आलाय न्हवं का?"

आधी एक बाई हसली, मग सगळी टोळी. महाराजांनी पट्टी घेतली नाही. ट्रॉलीतून उतरताना शंख तेवढा घेतला आणि आपल्याला गारगोटीत पूजा आहे असं सांगत ते ताडताड निघून गेले. शिष्य गादी गुंडाळत बसला.

"पोरी," गणपतराव स्लॅबवरून उतरलेल्या शिवलीलाला म्हणाले, "पण रिमोटची ताकद खरीखुरी वाढवून मिळत न्हाय व्हय? पोरं म्हणतात, मिळतीय."

"काही जण करतात, काका. सरकारनं त्याला हद्द घातलीय, कारण एकानं आवाज वाढवला की बाकीच्यांना ऐकू येत न्हाय. आणि करून मिळणार काय? तुमी ओढ्याच्या अल्याड कर्णा लावून ओरडला, पल्याडच्या माणसाला ऐकू गेलं. त्याच्याजवळ कर्णा हाय का? तो साध्या आवाजात 'गवा हाय' म्हणला, तर तुमाला ऐकू येईल?"

गणपतराव विचारात पडले. "न्हाय येणार."

"चित्र ड्रोनकडनं आपल्याकडं येतंय, आपल्याकडनं तिकडं न्हाय. आणि मधी हा ऊस. पाण्यानं, रसानं भरलेला. लहरी ह्यो पिऊन टाकतोय. मधला ऊस टाळला की झालं. दहा-बारा पायऱ्यांची शिडी पुरली, बघा." मग ती टोळीकडे वळली. "माझंबी खरं धरू नका. कुणी चमत्कार दाखवला, तर एकच मागा. पट्टी काढून दाखवा म्हणा. जागा तीच, माणूस तोच, फक्त पट्टी न्हाय. ज्याचं खरं असंल त्याला ह्याचं भ्या वाटत न्हाय. आणि आज त्या पट्टीच्या भरवशावर तुमी उसात शिरला असता, तर..."

तिनं ओढ्याकडं बोट केलं. प्रभुलिंगनं खालमानेनं रिमोटची रिकामी पिशवी सोडून खिशात घातली.

वनखात्याला फोन गेला. दुपार उतरता उतरता गवा आपल्या मनानं ओढा ओलांडून जंगलाकडं चढला. गणपतरावांची तोड खोळंबली होती. ते वाटेवरून हाका मारू लागले, "गेला, गेला! आता लागा कामाला!"

चिमणाबाई जागची हलली नाही. तिनं कोयता बांधावर ठेवला आणि शिडी चढून ती स्लॅबवर गेली. प्रभुलिंगच्या शेजारी बसून पडद्यात डोकं घातलं. पानं हलतात का ते आधी बघितलं.

"ह्या कोपऱ्यात ने," ती म्हणाली. "आता तिकडं. परत एकदा फिरीव."

प्रभुलिंगनं परत एकदा फिरवला. मग ती काठावर येऊन खालच्या बायांना म्हणाली, "मी बघितलंय. तुमीबी एकेकीनं वर या आणि बघा. मग जाऊ."

बाया शिडीपाशी गोळा झाल्या. उशीर होतोय म्हणून गणपतराव थोडे पुटपुटले, पण शिडी डगमगत होती म्हणून ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, शेवटची बाई बघून खाली उतरेपर्यंत.